सुट्टीवर गेलेलं शेत

“मास्तरीणबाय, आज जरा जास्तीच उकडतंय, नाय?”

शनिवारी सकाळी पडवीतून हा प्रश्न आला की मी ओळखायची, काकांचा पंखा बंद आहे. आदल्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत तो लावून ठेवायला ते विसरलेले असायचे, आणि आता दिवस मावळेपर्यंत बटणाला हात लावायची सोय नव्हती. ‘पंखा लावा’ असं मला सरळ सांगणंही त्यांना चालत नसे. जे स्वतः करायचं नाही ते दुसऱ्याकडून करवून घ्यायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. उकाड्याबद्दल बोलायला मात्र ग्रंथाची हरकत नव्हती.

“हो ना काका, फारच उकडतंय,” असं म्हणून मी मुद्दाम चपला घालायला लागायची.

“काल रात्री कसा छान वारा होता ह्या घरात.”

“खाडीवरून येत असेल.”

“खाडीवरून नाय, वरून येत होता,” छताकडे बघत ते म्हणायचे. मग मला हसू फुटायचं आणि मी बटण दाबायची. ते तेवढ्यात दुसरीकडे तोंड करून बसायचे, जणू पंखा आपल्या मनानेच फिरायला लागला.

यातली गंमत अशी की हा माणूस वीज कंपनीतला निवृत्त वायरमन होता. पेण तालुक्यातल्या निम्म्या खांबांवर ते चढून आलेले होते. अख्खं आयुष्य जिवंत तारांशी खेळण्यात घालवलेला गृहस्थ शनिवारी घरातल्या पंख्यापुढे हात बांधून बसायचा.

काका बेने इस्रायली. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. एकेकाळी आपल्या गावागावांत त्यांची घरं होती, तेलाचे घाणे होते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आता बहुतेक सगळे इस्रायलला गेले, काकांचा मुलगाही तिकडेच. काकी वारल्यानंतर काका पेणच्या घरात एकटे राहत होते. दाराच्या चौकटीला प्रार्थना लिहिलेली एक छोटी नळी ठोकलेली होती, तिला बोटं लावून ती ओठांना लावल्याशिवाय ते आतबाहेर करत नसत. “आमचे बापजादे तेल गाळायचे, मी करंट गाळला,” असं ते नव्या माणसाला ऐकवायचे.

त्यांची माझी पहिली भेट माझ्या चांगली लक्षात आहे. मी सांगलीकडची. रोह्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची नोकरी लागली आणि खोली शोधताना जीव मेटाकुटीला आला. एकट्या मुलीला खोली द्यायची म्हटलं की घरमालकांना नाना शंका. शेवटी कुणीतरी पेणचा हा पत्ता दिला. काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एकच प्रश्न विचारला.

“कोळंबी खाता?”

मी मनात म्हटलं, आली पंचाईत. पण खोटं कशाला बोला? “खाते.”

“मग तिची चव कशी असते ते येकदा नीट सांगा मला. आमच्यात खवले असलेलीच मासळी चालते. सगळं पेण कोळंबी खातंय नि मी नुसता वास घेतोय. सांगायला काय हरकत नाय, खायला थोडीच सांगतोय.”

खोली मिळाली. चव काही मला सांगता आली नाही. ‘गोडसर’ म्हटलं की ते विचारायचे, रव्यासारखी की दुधासारखी? ‘जरा चिवट’ म्हटलं की विचारायचे, किती चिवट? वर्षानुवर्षं एखाद्या गावाबद्दल ऐकावं आणि तिथे जायचं तर नाही, असं त्यांचं कोळंबीशी नातं होतं.

मी त्या वयात फार शहाणी होते. जुने ग्रंथ सगळ्याच धर्मांचे, ते काचेच्या कपाटात ठेवावेत, लोकांनी रविवारी बघून यावेत आणि सोमवारपासून आपापल्या अकलेने जगावं, असं माझं स्पष्ट मत होतं. मी ते काकांना तोंडावर सांगितलं. त्यांना राग आला नाही.

“कपाटात ठेवलेल्याशी भांडता येत नाय, बाय,” ते म्हणाले. “मला भांडायला घरात कोन हाय आता? तेवढं येक पुस्तक हाय नि आता तुमी.”

आणि खरोखरच भांडायचे. शनिवारी आग पेटवू नये असं ग्रंथात आहे. पण वीज म्हणजे आग आहे का? हे त्यांनी पहिल्याच महिन्यात मला विचारलं. मी सांगितलं, नाही, करंट म्हणजे आग नव्हे. पण बल्बातली तार तापून लाल होते, तिला हवं तर आग म्हणा. काका खूश झाले. त्यांचा शनिवार वाचला. पुढे घरोघर एलईडीचे दिवे आले, तेव्हा ते एक दिवा हातात घेऊन माझ्या दारात उभे राहिले. चेहरा अगदी उतरलेला.

“ह्याच्यात तार नाय.”

“नाही.”

“म्हंजे आग नाय.”

“नाही काका. आता तुम्ही खुशाल शनिवारी दिवा लावा.”

ते दिवसभर घुम्यासारखे बसून होते. संध्याकाळी जिन्याखालून हाक मारून म्हणाले, “आग नसू दे. पर बटान दाबनं म्हंजे काम तर हाय ना? आनि ते काम कुनी केलं आजवर? मी. म्हंजे बाकीच्यांना चालंल, वायरमनला नाय चालायचं!” या निकालाने त्यांना इतका आनंद झाला की मला बोलावून त्यांनी नारळाच्या दुधातली खीर खायला घातली.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या शेताबद्दल.

कासू स्टेशनच्या थोडं अलीकडे, रुळांच्या अंगाला, काकांचा वडिलार्जित तुकडा होता. पावसाळ्यात भात, भात कापल्यावर वाल. मी रोज पेणहून गाडीने रोह्याला जायची, तेव्हा खिडकीतून ते शेत दिसायचं. काका मला शेताची खबर विचारायचे. “पानी किती दिसलं? हिरा दिसली का?” मी त्यांची फुकटची राखणदार झाले होते.

हिरा म्हणजे शेत कसणारी बाई. जवळच्या कातकरवाडीतली. शेत अर्धेलीने करायची, म्हणजे पिकातलं अर्धं तिचं, अर्धं काकांचं. वाडीतली बाकीची घरं दिवाळी झाली की विटांच्या भट्टीवर जायची, थेट पावसाच्या तोंडाला परत. पोरांच्या शाळा बुडायच्या. हिराचं घर तेवढं जात नसे, कारण तिला वाल होते. हिरव्या शेंगा पोपटीसाठी, म्हणजे शेतात मडक्यात शेंगा भाजायच्या बेतासाठी, विकल्या जायच्या, सुके वाल बिरड्यासाठी. त्या वालांवर तिची मुलगी सहावीपर्यंत पोचली होती. हिरा बोलायला तिखट. काकांची तर ती भीडच ठेवत नसे.

आता काकांचं एक लाडकं मत ऐका. त्यांच्या मते त्यांच्या पूर्वजांनी जगाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे देव नव्हे, सुट्टी. “देव तर सगळ्यांकडं होते,” ते म्हणायचे. “पर गुलामालापन येक दिवस सुट्टी द्या, बैलालापन द्या, हे कुनाच्या डोक्यात आलं होतं?” नोकरीत शनिवार मोकळा मिळावा म्हणून त्यांनी साहेबांशी आयुष्यभर झगडा केला होता. बदल्यात दर रविवारी, दर दिवाळीला, दर गणपतीला तेच खांबावर. त्यामुळे सुट्टी या विषयावर ते बोलायला लागले की त्यांचा आवाज जरा चढायचा.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ग्रंथ पहिल्यांदा सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला. आणि त्यांना सापडलं की सातव्या वर्षी जमिनीलाही सुट्टी द्यायची असते. नांगरायचं नाही, पेरायचं नाही, कुंपण उघडं ठेवायचं. आपसूक उगवेल ते गोरगरिबांनी न्यावं, जनावरांनी खावं.

“जमिनीला रजा! फुल पगारी!” काका मला सांगत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “आनि हे मला कुनी सांगितलंच नाय इतकी वर्सं.”

त्यांच्या मुलाने फोनवरून समजावलं की पप्पा, तो नियम इकडच्या पवित्र भूमीला आहे, कासूच्या जमिनीला नाही. काका भडकले. “का? कासूची जमीन काय सैतानानं केली?” मी म्हटलं, मुलगा बरोबर बोलतोय, नियम लागू नाही तर सोडून द्या. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर आलं. “लिवलंय म्हंजे लिवलंय.” हे वाक्य ते अशा थाटात म्हणायचे की पुढे काही बोलायला जागाच उरायची नाही.

त्या वर्षी त्यांचं नवं वर्ष, ज्याला ते नव्याचा सण म्हणतात, आलं तेव्हा सातवं साल सुरू झालं. भात कापून झालं आणि काकांनी जाहीर केलं की वाल पेरायचे नाहीत. घरात पत्र्याची एक जुनी पाटी पडून होती, विजेच्या खांबावर लावतात ती, कवटी आणि खाली ‘धोका’. तिच्या मागच्या बाजूला त्यांनी लाल रंगाने सुबक अक्षरं काढली: ‘हे शेत सुट्टीवर आहे. जे उगवेल ते कुणीही न्यावे.’ पाटी रस्त्याच्या तोंडाला ठोकली. कुंपण एका अंगाने मोकळं केलं.

हिरा त्या संध्याकाळी पेणला आली. पडवीत उभीच राहिली.

“काका, वाल नाय तर मी काय करू?”

“आपोआप उगवतील त्या शेंगा तुज्याच हायत की. गोरगरिबांसाठीच लिवलंय, हिरा.”

“नि पावसात भात?”

“पुढचा पाऊसपन सुट्टी. मग झालं, पुन्हा सहा वर्सं आपलं चालू.”

“मी भट्टीवर गेले तर पोरीची शाळा?”

“नाय जावं लागनार. देव बघतोय.”

ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिची बाजू घेऊन बरंच बोलले, विज्ञान, हक्क, सगळं काढलं. काका ऐकून घेत होते आणि शेवटी म्हणाले, लिवलंय म्हंजे लिवलंय. हिरा पायऱ्या उतरून गेली. मला त्या दिवशी काकांचा संताप आला होता, अगदी मनापासून. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. शनिवारी पंख्याचा विषय निघाला तेव्हा मी सरळ निघून गेले.

शेताच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी तुंबत नाही तिथे, आणि बांधांवर, सांडलेल्या दाण्यांचे वाल खरंच उगवले. थंडी पडली, शेंगा धरल्या. मी गाडीतून बघायची तर शेतात माणसं दिसायची. काका हरखले. “बघा! लोक येतायत!”

लोक येत होते, पण कोण? पाटी रस्त्याला होती. रस्त्यावरून मोटारी जात होत्या. डोलवीच्या कंपनीतली साहेबमंडळी रविवारी सहकुटुंब उतरली, पिशव्या भरून शेंगा तोडल्या, तिथेच भांबुर्ड्याचा पाला आणून मडकी लावली आणि पोपटीचा बेत केला. काका तिथे गेले होते. त्यांना सगळ्यांनी खुर्ची दिली, ‘काका, असं मोठं मन पाहिजे’ म्हणून हात जोडले. मडक्यात कोंबडी होती, त्यांच्या रीतीने कापलेली नव्हती, म्हणून ते नुसते बसून राहिले आणि तृप्त होऊन घरी आले. दुसऱ्या रविवारी आणखी गाड्या आल्या. उरलंसुरलं शेळ्यांनी संपवलं. हिरा शेंगा भरतील म्हणून थांबली होती. ती टोपली घेऊन गेली तेव्हा नुसते वेल होते.

दोन दिवसांनी काकांनी विचारलं, “हिरा दिसली का?”

दिसली नव्हती. वाडीतल्या एका म्हातारीने सांगितलं की हिराचं घर भट्टीवर गेलं, जिते स्टेशनाकडे.

काकांनी मला रविवारी बरोबर चला म्हटलं. पेणहून जित्याला गाडीने गेलो. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि काखेत ग्रंथ, कापडात गुंडाळलेला. मी म्हटलं, तो कशाला? तर म्हणाले, “तिला दाखवतो, मी मनाचं कायी केलं नाय.”

भट्टी स्टेशनपासून फार लांब नव्हती. हिरा मातीत बसून विटा थापत होती, कोपरापर्यंत चिखल. तिची मुलगी वाळत घातलेल्या विटा उलट्या करत होती. शाळेचाच निळा फ्रॉक अंगात होता. काका तिच्याकडे बघत राहिले. मग हिराच्या समोर उकिडवे बसले. गुडघे दुखत असूनही बसले.

“हिरा, लिवलंय तसंच केलं गो मी.”

“व्हय काका. तसंच केलंत.” हिराचे हात थांबले नव्हते. “तुमच्या पुस्तकात राखणदार नाय का ओ?”

काकांनी वाळत घातलेल्या विटांकडे पाहिलं.

“ज्यानं लिवलं तो चांगलाच मानूस असंल. पर त्यानं मोटारी नाय बघितल्या. जो पयला पोचतो तो नेतो. गरीब पयला पोचत नाय, काका. त्याला सुट्टी कुठं असते?”

तिने ते भांडून म्हटलं असतं तर काकांना सोपं गेलं असतं. ती अगदी साध्या आवाजात बोलली आणि पुढची वीट थापायला घेतली. काकांनी काखेतला ग्रंथ सोडवला नाही. भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली होती, हंगाम संपेपर्यंत तिला सुटता येणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा सहावीतच बसली.

माझ्यासारखीला ही आयती संधी होती. मी एका संध्याकाळी म्हटलंच, “काका, कळलं ना आता? पुस्तकं जुनी होतात. टाका बाजूला.”

ते बराच वेळ चष्मा पुसत होते.

“पुस्तक जुनं झालंय, हे खरं. हिरा बोलली तेपन खरं. पर चूक पुस्तकाची नाय, बाय. त्याच्यात मालकाच्या बरोबरीनं मजुराचं नाव हाय, शेतावर राबनाऱ्या बाईचं हाय. ह्या सगळ्यांनी बसून खायचं, असं हाय. मी ती ओळ वाचली नि पुढं गेलो. मी मालकासारखं वाचलं. मजुरासारखं वाचायला पायजे होतं.”



पाऊस तोंडावर आला तेव्हा हिराचं घर वाडीत परतलं. काका स्वतः कासूला गेले आणि तिला म्हणाले, “भात पेर.”

“नि जमिनीची सुट्टी?”

“रद्द. कंपनीत आमचीपन रद्द करायचे, तार तुटली की. तुजी तार तुटलीय.”

त्यांना ते किती लागलं ते मी पाहिलंय. मनापासून पाळायला घेतलेलं सातवं वर्ष त्यांनी अर्ध्यावर मोडलं होतं. तो पावसाळाभर ते जरा खचल्यासारखे होते, प्रार्थनेला जास्त वेळ बसायचे. पण शेत हिरवं झालं की नाही, ते रोज मला विचारायचे. आणि त्यांचं ते वाक्य बदललं. आता कुणी काही ग्रंथातलं काढलं, मग तो शेजारच्या भटजींचा असो की मशिदीजवळच्या बेकरीवाल्याचा, काका म्हणायचे, “लिवलंय. पर कुनासाठी लिवलंय ते बघा आधी.” भटजी वैतागायचे. बेकरीवाला हसायचा आणि एक पाव जास्त द्यायचा.

पुढच्या सातव्या वर्षाची तयारी त्यांनी लगेच सुरू केली. ग्रंथात असं आहे म्हणे, की सहाव्या वर्षी देव इतकं पिकवील की सातव्याला पुरून उरेल. मी विचारलं, नाही पिकवलं तर? काका म्हणाले, “देवाचे हात म्हंजे कुनाचे हात? सहाव्या सालचा माझा अर्धा वाटा हिराचा. भात नि वाल, दोन्ही. मग सातव्याला ती घरी बसंल. जमिनीला सुट्टी नि कसनारीला भट्टी, ही कसली सुट्टी?”

“आणि राखणदार?”

“तो तीच शोधंल.”

त्यानंतर काही वर्षांनी माझं लग्न झालं, मी सांगलीला परत गेले. निघताना काकांनी रडू येऊ नये म्हणून कोळंबीचा विषय काढला. पुढे त्यांचे गुडघे अगदीच गेले आणि मुलाने हट्टाने त्यांना इस्रायलला नेलं. घराला कुलूप लागलं. फोन मात्र यायचा. तिकडे गेल्यावर त्यांची एक मोठीच निराशा झाली होती. “हितं तर नियम लागू हाय ना? तर लोक काय करतात म्हायत्येय? सातव्या सालापुरती जमीन कागदावर परक्याला विकतात नि मजेत पेरतात! मोठमोठ्या धर्मगुरूंची परवानगी!” मग स्वतःच हसत म्हणाले, “त्यांचीपन पोटं हायत म्हना.”

सहाव्या वर्षी त्यांनी बोलल्याप्रमाणे केलं. अख्खं पीक हिराच्या घरी गेलं.

गेल्या खेपेचं सातवं वर्ष आलं, त्या थंडीत मी बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेची परीक्षक म्हणून रोह्याला गेले होते. खरं सांगायचं तर गाडीत बसतानाच मी मनाची तयारी केली होती. काका समुद्रापलीकडे, बघायला कुणी नाही. हिराने काकांच्या वाट्याचं पीकही घेतलं असेल आणि वालही पेरले असतील. आणि पेरले असतील तर बरंच झालं, असंही मला वाटत होतं. आपल्या धर्माचाही नसलेला नियम तिने का म्हणून पाळायचा?

खिडकीतून शेत दिसलं. नांगरट नव्हती. वरच्या अंगाला मात्र वालांचं रान माजलं होतं. काम संपवून दुसऱ्या दिवशी, रविवारी, परतताना मी कासूला उतरले.

रस्त्याच्या बाजूला आधी दिसली ती पाटी. कवटी आणि खाली ‘धोका’. मी चरकलेच. पाटीला वळसा घालून वाडीच्या अंगाला आले, तर तिथे कुंपण मोकळं होतं आणि त्याच पत्र्याच्या मागच्या बाजूला काकांची लाल अक्षरं: ‘हे शेत सुट्टीवर आहे.’ पाटी उलटी ठोकली होती. मोटारींना धोका, वाडीला सुट्टी.

कुंपणाच्या तोंडाशी काकांच्या पडवीतली लोखंडी घडीची खुर्ची होती आणि तिच्यात हिरा बसली होती. केस पांढरे झालेले, हातात काठी. आत बायका शेंगा तोडत होत्या, त्यांची पोरं बांधावर खेळत होती. भट्टीचे दिवस, आणि वाडीतली इतकी पोरं घरी, हे मी तिथे पहिल्यांदाच बघत होते.

“मास्तरीण! या गो, बसा,” ती म्हणाली, पण खुर्ची सोडली नाही. मी बांधावर बसले.

सहाव्या साली तिने वरच्या अंगाच्या शेंगा तोडल्याच नव्हत्या, सांडू दिल्या होत्या, म्हणून इतकं उगवलं होतं. ज्या घरात म्हातारं माणूस आहे ते आधी, मग पोरंवाली, मग बाकी, असा तिचा कायदा होता. जी दोन-तीन घरं ह्या शेंगांवर राहिली ती भट्टीवर गेली नाहीत. सगळी नाही, दोन-तीन. पोरगी आता बारावीला आहे, रोह्याला, हे तिने मला दोनदा सांगितलं.

“हिरा, खरं सांग. पेरलं का नाहीस? काका काय बघायला येणार होते?”

तिने काठीने एका शेळीला हटकलं.

“काकांची सुट्टी असती तर पेरलं असतं की. त्यांना कोन सांगनार व्हतं? पर ही माझी हाय.” मग म्हणाली, “आमच्यात कुनी सुट्टी घेतलीय का कधी, बाय? माझ्या आयशीनं नाय, आजीनं नाय. ही पयली. ती का म्हनून मोडू?”

मी काकांना फोन लावला. पलीकडे चेहरा दिसला, पहिल्यापेक्षा बारीक, पण डोळे तेच. मी फोन फिरवून शेत दाखवलं, वाल दाखवले, बायका दाखवल्या, पाटीच्या दोन्ही बाजू दाखवल्या. कवटी बघून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग नुसते बघत होते.

“वालांना पानी हाय का?” शेवटी त्यांनी विचारलं. “त्या खालच्या बांधाला भगदाड पडलं असंल. हिराला सांगा, जरा माती टाक म्हनावं.”

मी फोन तिच्यापुढे धरला. हिराने तो हातात घेतला नाही. खुर्चीत मागे टेकली, पाय लांब केले.

“त्यांना सांगा,” ती म्हणाली, “हिरा सुट्टीवर हाय.”